आधी खाडी, मग खोली

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून सागरी महामार्गाला निघताना मुक्काम कुठे आणि का करावेत

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रावरून फिरणाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तक लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे त्यात ओळीने दिली आहेत. कॅलिएना म्हणजे कल्याण. त्याच्या खाली सेमिल्ला, म्हणजे चौल. पुढे मंदगोरा, ते बाणकोटच्या खाडीत असावे असे काही अभ्यासक मानतात. मेलिझिगारा म्हणजे जयगड असावे, असाही एक अंदाज आहे. ही ठिकाणे नकाशावर मांडली की कल समजतो. कोकणातली जुनी बंदरे खाडीच्या तोंडाशी किंवा खाडीच्या आत वसली. उघड्या किनाऱ्यावर गलबत रात्र काढू शकत नाही. त्याला आडोसा हवा, गोडे पाणी हवे, बाजार हवा, आणि हे सगळे खाडीपाशी मिळते.

आज याच किनाऱ्याने आपण गाडी घेऊन निघतो. पण मुक्काम ठरवताना फोनवरचा नकाशा उघडतो, किलोमीटर मोजतो, त्यांना तासांनी भागतो आणि खोल्या बुक करतो. द्रुतगती मार्गावर हा हिशेब चालतो, सागरी महामार्गावर कोलमडतो. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमध्ये खाडी असते, खाडीवर पूल नसतो, आणि फेरीबोटीची रांग आपल्या वेळापत्रकाला बांधील नसते. म्हणून या लेखातला सगळा विचार एका सूत्रावर उभा आहे : मुक्काम खाडीच्या अलीकडे करावा आणि खाडी सकाळी ओलांडावी.

तीन गावे, तीन तऱ्हेचे प्रवासी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर कल्याणच्या पाठीशी वसली आहेत. बदलापूरवरून उल्हास नदी येते, अंबरनाथ-उल्हासनगरमधून वालधुनी येते, आणि दोघींचे पाणी मिळून खाडीला जाते. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. ते उभारणारे शिलाहार उत्तर कोकणचे राजे होते. किनाऱ्याशी या भागाचा संबंध इतका जुना आहे.

तरी इथून निघणारी सगळी माणसे एका तऱ्हेची नाहीत. बदलापूर-अंबरनाथमधल्या कितीतरी घरांचे मूळ गाव रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. ती माणसे गणपतीला आणि शिमग्याला मुंबई-गोवा महामार्गाने थेट गाव गाठतात. वाटेत मुक्काम करायची त्यांना कधी गरज पडली नाही, त्यामुळे किनाऱ्याचा रस्ता त्यांनाही नवाच असतो. दुसरे लोक घाटावरून, विदर्भातून, खानदेशातून येऊन इथे स्थिरावलेले. त्यांची मुले समुद्र म्हटला की जुहू-अलिबागच्या पलीकडे जात नाहीत. तिसरे उल्हासनगरचे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे शहर. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांचे आजोळ कोकणात असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला कोकणात हक्काचे घर नाही, त्याच्यासाठी रात्रीचा मुक्काम हीच त्या गावाशी होणारी पहिली ओळख असते. म्हणून तो विचारपूर्वक निवडायला हवा.

रस्ता आणि त्यातल्या चार खाड्या

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने सलग रस्ता व्हावा ही कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांनी १९८० च्या सुमारास, मुख्यमंत्री असताना पुढे आणली. रस्ता तुकड्या-तुकड्यांनी होत गेला. सुमारे पाचशे किलोमीटरच्या या मार्गावर बरेच पूल झाले : रेवदंड्याजवळ कुंडलिकेवर साळावचा पूल आहे, केळशी आणि आंजर्ल्याच्या खाड्यांवर पूल आहेत, रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्याचा पूल आहे. पण उत्तरेकडच्या अर्ध्या भागात चार मोठ्या खाड्यांवर आजही बहुतेक प्रवासी फेरीबोटीनेच गाडी पलीकडे नेतात. राजपुरीच्या खाडीत आगरदांडा ते दिघी. सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेश्वी. वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे. आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड.

दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ साली सुरू झाली आणि तिने या किनाऱ्याचा भूगोल बदलला. त्याआधी दाभोळहून समोर दिसणाऱ्या गुहागर तालुक्यात गाडी न्यायची तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा घ्यावा लागे. आज धक्क्यावर तिकीट काढायचे, रांगेत उभे राहायचे आणि मदतनिसाच्या हाताच्या खुणांवर गाडी बोटीत चढवायची. तो एकेक गाडी इंच-इंच सरकवून घेतो, आरसे मिटायला लावतो, उरलेल्या फटीत दुचाकी बसवतो. लोखंडी फळी खडखडत उचलली जाते आणि थोड्या वेळात पलीकडचा काठ येतो.

हा प्रवास थोड्या मिनिटांचा असला तरी त्याच्या आधीची रांग किती लांब असेल हे कुणी सांगू शकत नाही. दिवाळीच्या सुटीत आणि लांबच्या शनिवार-रविवारी ती धक्क्यापासून गावात पोचते. वारा उठला किंवा बोट दुरुस्तीला गेली तर फेऱ्या कमी होतात. हे सकाळी घडले तर दिवस हाताशी असतो. फार तर एखादे ठिकाण गाळावे लागते. हेच संध्याकाळी घडले, आणि खोलीचे पैसे पलीकडच्या गावात भरलेले असले, तर मुलेबाळे घेऊन अंधारात घाटवळणांचा वळसा घालण्यावाचून उपाय राहत नाही. दिवाळीच्या दिवसांत सहा वाजता सूर्य मावळतो. त्यानंतर या रस्त्यांवर दिवे नसतात, कडेला कुंपण नसते, वळणावर गुरे बसलेली असतात. पाच वाजता सामान खोलीत पोचलेले असावे.

या चार खाड्यांनी किनाऱ्याचे पाच पट्टे पडतात. एका पट्ट्यात किमान एक मुक्काम धरला की आखणी आपोआप होते. हातात दोन रात्री असतील तर दोन पट्टे करावेत, दिवाळीचा आठवडा असेल तर पाचही. दोन दिवसांत गणपतीपुळे गाठून परतणारे बरेच असतात. त्यांच्या पदरात रस्ता पडतो, किनारा पडत नाही.

पहिला पट्टा : रेवदंडा ते मुरूड

बदलापूरहून पनवेलमार्गे जाण्याची बऱ्याच जणांना सवय आहे. पण किनाऱ्याला जाताना कर्जतचा रस्ता मनाला जास्त पटतो. वांगणी, नेरळ, कर्जत असे आपण उल्हास नदीच्या उगमाकडे जात राहतो. खोपोलीला पाताळगंगा भेटते, पेणला भोगावती, वडखळच्या पुढे धरमतरच्या पुलावरून अंबा नदीची खाडी ओलांडायची, आणि रेवदंड्याला कुंडलिका. घरच्या नदीपासून निघून एकेक नदी पार करत समुद्राशी पोचतो. मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगली वाट नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येऊन रात्रीच निघायचा मोह टाळावा. वडखळच्या आसपास त्या वेळी गाड्यांची भाऊगर्दी असते आणि मुक्कामाला पोचेपर्यंत मध्यरात्र होते. शनिवारी पहाटे निघावे. उल्हासनगरच्या घरांतून अशा वेळी दाल-पकवान बांधून घेतात. पकवान कुरकुरीत राहते, डाळ डब्यात वेगळी, आणि वाटेत न्याहारीसाठी हॉटेल शोधायला लागत नाही.

पहिला मुक्काम मुरूडच्या पुढे ठेवू नये. चौल-रेवदंडा, काशीद, नांदगाव, मुरूड यांपैकी कुठेही राहता येते. चौल म्हणजे पेरिप्लसमधले सेमिल्ला. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळे आणि तळी आहेत. साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला, आणि पायथ्याच्या गावात काही कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली बोलतात. हे सगळे पहिल्या दुपारी सावकाश पाहता येते. जंजिरा दुसऱ्या दिवशी सकाळी करावा. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. ऊन चढायच्या आत किल्ला पाहून झाला की आगरदांड्याचा धक्का जवळच आहे.

दुसरा पट्टा : दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर

दिघीला उतरल्यावर तीन गावांतून एक निवडायचे असते. लहान मुले आणि वृद्ध असतील तर दिवेआगर : सपाट लांब पुळण आणि वाड्यांतून जाणारे रस्ते. तिथल्या घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवले तर केळीच्या पानावर उकडीचे मोदक येतात. बाजारहाट, औषधाचे दुकान, पेट्रोल हाताशी हवे तर श्रीवर्धन. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ इथलाच. देवदर्शन मुख्य असेल तर हरिहरेश्वर.

हरिहरेश्वराला मुक्काम करायचा तर आधी भरती-ओहोटी पाहावी. देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग डोंगराच्या पायथ्याच्या खडकांवरून जातो आणि तो ओहोटीलाच मोकळा असतो. भरतीच्या वेळी तिथे उतरणे जिवाशी खेळ आहे. कोकणात भरतीचा एक ढोबळ हिशेब चालत आला आहे : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता समुद्र भरतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नेमकी वेळ यजमानांना किंवा देवळात विचारून घ्यावीच, पण कोणत्या दिवशी सकाळी प्रदक्षिणा होईल हे घरी बसून पंचांगावरून काढता येते, आणि त्यावरून मुक्कामाचा दिवस ठरवता येतो.

या पट्ट्यात राहण्याला आणखी एक अर्थ आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. त्या पोफळी आणि माड एका दुपारी आडवे झाले. पोफळ लावली की लगेच सुपारी देत नाही, त्यात वर्षे जातात. त्या वर्षांत खोल्या आणि जेवणावळी हाच अनेक घरांचा आधार होता. राज्याच्या पर्यटन महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना अशाच घरांसाठी आहे. रस्त्यालगतच्या मोठ्या हॉटेलापेक्षा वाडीतल्या घरी राहिलो तर आपले पैसे त्या वाडीत जातात, हे लक्षात ठेवून खोली निवडावी.

ज्यांना दोनच रात्री आहेत त्यांनी इथून परत फिरावे. म्हसळा, माणगाव करून मुंबई-गोवा महामार्गाला लागायचे, वाकणला वळून पाली, खोपोली, कर्जत. पेण-वडखळची गर्दी टळते आणि पालीला बल्लाळेश्वराचे दर्शनही होते.

तिसरा पट्टा : वेळासपासून मुरूड-हर्णैपर्यंत

बागमांडल्याहून वेश्वीला उतरले की रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्यांनी इथला मुक्काम बाणकोटजवळच्या वेळासलाच करावा. नाना फडणवीसांच्या घराण्याचे हे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये इथे संवर्धनाचे काम सुरू केले आणि गावाने ते आपले मानले. मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. कार्यकर्ते ती अंडी जाळीच्या कुंपणातल्या खड्ड्यांत हलवतात, वर टोपल्या पालथ्या घालतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहायची. खाली पिल्ले असतील तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर ओल्या वाळूत सोडायची.

तळहातावर मावेल एवढे ते पिल्लू आधी स्वस्थ पडून राहते. मग पुढचे दोन वल्ह्यांसारखे पाय हलवते, एखाद्या पाऊलखुणेच्या खळग्यात अडकते, बाहेर येते. पहिली लाट त्याला उचलून परत मागे टाकते. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेत ते दिसेनासे होते. उचलून पाण्यात ठेवायचा मोह होतो, पण कार्यकर्ते तसे करू देत नाहीत. वाळूवरून त्याने स्वतःच चालत जायचे असते.

सकाळची वेळ गाठायची तर रात्र वेळासातच काढायला हवी. राहणे गावकऱ्यांच्या घरात, जेवणही त्यांच्याबरोबर. एसी खोलीची अपेक्षा ठेवू नये. पिल्ले त्याच दिवशी येतील असा शब्द कुणी देत नाही, म्हणून जमल्यास दोन रात्री धराव्यात.

इतर वेळी केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड (जंजिऱ्याजवळचे नव्हे, हे दुसरे), कर्दे यांतून निवड करावी. हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव असतो. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, पापलेट-सुरमईचे ढीग वाळूवर मांडले जातात आणि बोली सुरू होते. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. हा लिलाव पाहायचा तर चारपर्यंत हर्णैला पोचावे. त्यासाठी सकाळी पहिल्या फेऱ्यांतच वेश्वीला उतरलेले असावे लागते. शेजारचे मुरूड हे महर्षी कर्व्यांचे गाव. दापोली वर डोंगरावर आहे. तिला पूर्वी ‘कॅम्प दापोली’ म्हणत, कारण तिथे इंग्रजांची छावणी होती. कॅम्प नंबर सांगून पत्ता देणाऱ्या उल्हासनगरकरांना हे नाव जवळचे वाटेल.

चौथा आणि पाचवा पट्टा : गुहागर ते रत्नागिरी

दाभोळची खाडी सकाळी ओलांडली की गुहागरला दुपारचे जेवण मिळते. गुहागरला दोन रात्री राहावे असे मी आवर्जून सांगेन. पुळण लांबच लांब, गाव तिला समांतर पसरलेले, व्याडेश्वराचे देऊळ मध्यावर. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर आणि हेदवी करून परत त्याच खोलीत येता येते. रोज सामान बांधायचे आणि रोज सोडायचे, यात प्रवासातली निम्मी ताकद जाते. सलग तीन मुक्काम झाले की चौथा दोन रात्रींचा असावा. कपडे वाळतात, मुले वाळूत मनसोक्त खेळतात आणि गाडी चालवणाऱ्याला एक दिवस विश्रांती मिळते.

तवसाळहून जयगडला उतरल्यावर गणपतीपुळे जवळ आहे, पण राहण्यासाठी मी शेजारचे मालगुंड सुचवेन. गर्दी कमी, समुद्र तोच. केशवसुतांचा जन्म इथला, आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक इथे उभारले आहे. दिवाळी अंक हातात घेणाऱ्या वाचकाने एक सकाळ तिथे द्यावी. मग आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी : ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, १९३१ चे पतितपावन मंदिर. पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे तेरेखोलपर्यंत जाता येते, पण त्यासाठी वेगळा आठवडा काढावा.

परतताना तीनशेच्या वर किलोमीटर आहेत. रत्नागिरीहून पहाटे निघाले तर उजेडात घरी पोचता येते; नाहीतर चिपळूणला एक रात्र काढावी. पावसाळ्यात उजेडात पोचण्याचा हा नियम कडक पाळावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, तेव्हा जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या अंधारात नदीत गेल्या. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली, तेव्हा पाणी रात्रीत किती चढते हे आपण घराजवळच पाहिले. सावित्रीवर आता नवा पूल आहे, पण पावसातली रात्र तीच आहे.

खोली ठरवताना

फोन केला की कोकणातले यजमान बहुधा विचारतात : माणसे किती, त्यांत मासे खाणारी किती, आणि पोचणार किती वाजता? तिन्ही उत्तरे खरी द्यावीत. मासे सकाळच्या बाजारात घ्यायचे असतात, आणि तुमच्या सहा माणसांसाठी आणलेली सुरमई तुम्ही आला नाहीत तर वाया जाते. येणे रद्द झाले तर आदल्या दिवशी कळवावे. आपणही तीन गोष्टी विचाराव्यात : धक्क्यावर सध्या बोट नियमित आहे का, गाडी दारापर्यंत येते का, आणि एप्रिल-मे असेल तर पाणी कसे आहे. उन्हाळ्यात अनेक गावांत विहिरी तळाला जातात. तिथे बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या आपल्याकडे खूप आहेत, पण किनाऱ्याच्या गावांत सीएनजी मिळेलच असे नाही. पेट्रोलची टाकी तालुक्याच्या गावी भरून घ्यावी. बाटल्या आणि पिशव्या परत आणाव्यात, कारण लहान ग्रामपंचायतीकडे त्या टाकायला जागा नसते.

आता सागरी महामार्गावर खाड्यांवरच्या मोठ्या पुलांची कामे हाती घेतली आहेत. ते पूल व्हायलाच हवेत. दाभोळच्या गरोदर बाईला, जयगडच्या आजारी माणसाला रात्री बोटीची वाट पाहायला लागू नये. पण पूल झाल्यावर रेवसहून रत्नागिरी एका दिवसात होईल, आणि तेव्हा वेळास, केळशी, तवसाळ ही गावे काचेतून पाहून पुढे जाण्याचा मोह आपल्याला होईल. आज खाडी आपल्याला थांबायला लावते. उद्या थांबायचे की नाही हे आपल्याच हाती असेल. पुलाने वाचवलेले दोन तास पुढच्या गावाला पोचण्यात घालवू नयेत. ते अलीकडच्याच गावाला द्यावेत, तिथे एक रात्र जास्त राहावे, एक जेवण जास्त जेवावे. कोकणची घरे आपल्या मुक्कामावर उभी राहतात, आणि आपल्या मुलांना कोकण कळते तेही त्या मुक्कामातच.